पाहुणी आली, ती राहिलीच

आमच्या चेन्नईच्या अण्णा नगरात परदेशी चर्चची तरुण मंडळी दिसली की मला आयडा स्कडर आठवते. मिशनरी घराण्यातली ही मुलगी अमेरिकेहून तिंडिवनमला आली ती आजारी आईच्या मदतीला, थोड्याच दिवसांसाठी. एका रात्री तीन घरांतून बोलावणं आलं: बाळंतीण अडली आहे, पण पुरुष डॉक्टर नको. तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेला परतली, १८९९ मध्ये डॉक्टर झाली आणि १९०० मध्ये वेल्लोरला एका खाटेवर दवाखाना थाटला. तेच आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणजे सीएमसी! आपल्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्येच रुग्णालय उभारलं होतं, हेही सांगायलाच हवं.

परदेशी मित्र अशा सेवेला येणार असतील तर बजावा: मिशनरी कामासाठी पर्यटक व्हिसा चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो.