परक्याला सामावून घेणारा डोळा

नाशिक जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास द्राक्षबागांच्या छाटणीची धांदल असते. निफाड-दिंडोरीकडे मांडवाखाली मान वर करून राबणाऱ्या एखाद्या मजुराच्या डोळ्याला काडी लागते. जखम लहान, म्हणून ती अंगावर काढली जाते. कोणी मध घालतो, तर कोणी दुकानातून लाली जाण्याचे थेंब आणतो. काडीबरोबर बुरशी आत गेली असेल आणि थेंबांत स्टिरॉइड असेल, तर शरीराचा प्रतिकार दबून बुरशीला मोकळे रान मिळते. पाहता पाहता बुबुळ पांढरे पडते. अशा डोळ्याला पुन्हा दिसू लागण्याची आशा उरते ती बहुधा एकच. मृत व्यक्तीच्या डोळ्यातील पारपटल, म्हणजे बुबुळावरील काचेसारखा पडदा, त्या जागी बसविणे.

परंतु परक्याचा अवयव शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९५४ साली बोस्टन येथे झाले, तेही जुळ्या भावाचे मूत्रपिंड मिळाले म्हणून. याउलट ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे जळालेल्या एका मजुराला दुखापतीमुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातील पारपटल बसविले आणि त्याला दिसू लागले. ना नाते, ना प्रतिकार दडपणारी औषधे!

हे कसे घडले? १९४८ साली पीटर मेडावार यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या सशाची त्वचा ठेवून पाहिली. रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत तोवर ती टिकली. पारपटलातही रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा परका आल्याची वार्ताच शरीराला लागत नसावी, असा समज रूढ झाला. १९७०च्या दशकात कॅपलान व स्ट्रायलाइन यांच्या प्रयोगांनी तो अपुरा ठरविला. वार्ता पोहोचते, तिचा अर्थ मात्र निराळा लावला जातो.

डोळ्यातील टेहळ्या पेशी परक्या पदार्थाचा अंश घेऊन रक्तावाटे प्लीहेत जातात. अन्यत्र अशी वर्दी म्हणजे हल्ल्याचा हुकूम. परंतु डोळ्यातील द्रवाचा संस्कार झालेल्या या पेशींच्या वर्दीमुळे प्लीहेत नियामक टी-पेशी तयार होतात व त्या दाहक प्रतिक्रियेला आवर घालतात. प्रयोगात प्लीहा काढून टाकली, की ही सहिष्णुता निर्माणच होत नाही. शिवाय चाल करून आलेल्या दाहक पेशींना डोळ्यातील काही पेशी मृत्यूच्या वाटेला लावतात, हे १९९५ साली दिसून आले. नियामक टी-पेशींविषयीच्या मूलभूत शोधांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानी यावे.

निसर्गाचा हा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटावा. त्वचेवर लढाई झाली तर व्रण उरतो आणि माणूस कामाला लागतो. पारपटलाच्या आतील थरातील पेशी मात्र माणसात जवळजवळ पुन्हा वाढत नाहीत. जे भांडवल भरून येत नाही, त्याच्या रक्षणाचा खर्च भांडवलाहून मोठा होऊ देणे परवडणारे नाही. डोळ्याची सहिष्णुता हा दुबळेपणा नव्हे. तो सामर्थ्याने राखलेला संयम होय.

या संयमालाही सीमा आहे. जखम चिघळत राहिली, की पारपटलात रक्तवाहिन्या शिरतात आणि परक्याला मिळालेले अभय संपुष्टात येते. अशा डोळ्यात बसविलेले पारपटल शरीराने नाकारण्याचा धोका पुष्कळ वाढतो. काडी लागलेल्या मजुराने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे का अगत्याचे, याचे उत्तर येथे आहे. एका दिवसाची बुडणारी मजुरी त्याला आड येते. तेव्हा ती न कापण्याचे औदार्य बागायतदाराने दाखविले पाहिजे.

उरतो प्रश्न नेत्रदानाचा. महाराष्ट्रात १० जून हा दिवस डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो. २५ ऑगस्टपासून नेत्रदान पंधरवडाही साजरा होतो. संकल्पपत्रे भरली जातात. परंतु मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला तत्काळ कळवावे लागते आणि ते काम घरच्यांचेच असते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वा उतारवय आड येत नाही. चेहरा विद्रूप होत नाही. तरीही दुःखाच्या त्या घटकेत कोणाला आठवण होत नाही, झालीच तर पुढील जन्मी अंधत्व येण्याची भीती पुढे केली जाते.

रक्ताच्या नात्यावाचून, जातपात न विचारता परक्याला सामावून घेण्याची तयारी डोळ्याने कधीच ठेवली आहे. देणाऱ्याच्या घरातून एक निरोप वेळेवर जाणे, एवढेच समाजाकडून हवे आहे.