ब्रेकचा पहिला दाब गाडी उभी असतानाच

अपघातात जखमी झालेला दुचाकीस्वार रुग्णालयात येतो, तेव्हा केसपेपरवर ‘दुचाकीवरून पडून’ एवढीच नोंद होते. हाड कुठे मोडले, डोक्याला मार आहे का, उलटी झाली का, हे सगळे विचारले जाते. ब्रेक पॅड किती झिजले होते, हे कोणी विचारत नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. अपघाताला वेग, खड्डे, समोरच्याची चूक अशी बरीच कारणे असतात आणि ती सगळीच आपल्या हातात नसतात. ब्रेक पॅड मात्र आपल्या हातात असतात.

गाडी थांबते म्हणजे तिची गती उष्णतेत बदलते. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते थांबवताना निघणारी उष्णता १०० मिलिलिटर पाणी, म्हणजे एका कटिंग चहापुरते पाणी, जवळपास उकळायला पुरेशी असते. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकाला हा मारा पॅडवरच्या काही मिलिमीटर जाडीच्या घर्षण-थराला सोसावा लागतो. तो झिजणारच; झिजण्यासाठीच तो बनवलेला असतो.

खरी अडचण अशी, की ही झीज हाताला कळत नाही. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये लाइनर झिजला की लिव्हर किंवा पेडल सैल लागते. डिस्क ब्रेकमध्ये मात्र पॅड जेवढा झिजेल, तेवढा कॅलिपरमधला पिस्टन आपोआप पुढे सरकून राहतो आणि टाकीतले थोडे ब्रेक ऑइल त्याच्यामागची जागा भरते. लिव्हरचा दाब पहिल्यासारखाच वाटतो. शरीरातही असेच घडते. मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम ओढत राहतो आणि माणसाला काही जाणवत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी त्रासाची वाट न पाहता तपासणी करायची असते.

ही तपासणी दोन मिनिटांची. बॅटरीच्या उजेडात कॅलिपरमध्ये डोकावून घर्षण-थराची जाडी पाहावी. बहुतेक पॅडवर खाच असते. ती दिसेनाशी झाली किंवा थर एक-दीड मिलिमीटरवर आला, की पॅड बदलायची वेळ झाली. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ब्रेक लावताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी चालवूच नये.

पॅड घरी बदलता येतात, पण गाडी मेन स्टँडवर भक्कम उभी आणि डिस्क पूर्ण थंड हवी. पहिली काळजी धुळीची. कॅलिपर उघडला की आत काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. तिच्यात धातूचे बारीक कण असतात आणि स्वस्त, बिननावाच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. अ‍ॅस्बेस्टॉस हे कर्करोगाचे सिद्ध कारण आहे आणि त्याचे आजार श्वासातून तंतू गेल्यानंतर काही दशकांनीही डोके वर काढतात. भुकटी ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि काम मोकळ्या हवेत, मुलांना दूर ठेवून करावे. ते कपडे वेगळे धुवावेत.

दुसरी काळजी ब्रेक ऑइलची. नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन हळूहळू मागे ढकलावा लागतो. तेव्हा ऑइल टाकीत परत चढते आणि कधी काठावरून सांडते. ते रंग खाते आणि डोळ्यांत उडाले तर डोळे चांगलेच चुरचुरतात. तसे झाल्यास वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे. उरलेले ऑइल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. त्यातील ग्लायकॉल वर्गातली रसायने पोटात गेली तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कोणी चुकून प्यायलेच, तर उलटी करवू नये. बाटलीसह लगेच रुग्णालय गाठावे.

कॅलिपर सुटा असताना लिव्हर दाबू नये, पिस्टन बाहेर पडतो. पॅड नेहमी जोडीने बदलावेत. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीस, तेल किंवा बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नये. बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या ताकदीनेच आवळावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने काम संपल्यावर लिव्हर पहिल्यांदा दाबली, की ती मुठीपर्यंत पोकळ जाते. ब्रेक लागतच नाही. हे भान न ठेवता चावी फिरवून थेट रस्त्यावर आलेल्या माणसाला ते समोर रिक्षा आल्यावरच कळते. म्हणून गाडी उभी असतानाच लिव्हर पुन्हापुन्हा दाबावी, ती हाताला घट्ट लागेपर्यंत. मग टाकीतली ऑइलची पातळी पाहावी, गाडी हाताने ढकलून ब्रेक लावून पाहावा आणि मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुन्हा तपासावा. लिव्हर स्पंजासारखी लागत असेल, तर ऑइलमध्ये हवा आहे. तिथून पुढचे काम मेकॅनिकचे.

नवे पॅड डिस्कवर पूर्ण बसायला काहीशे किलोमीटर लागतात. तोवर अंतर राखावे, जोराचा ब्रेक टाळावा आणि घाटात उतरताना इंजिनाचाही आधार घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्यासाठी १५५. म्हणून पॅड बदलले तरी ऑइलची मुदत विसरू नये. ज्याला यातली एखादी पायरीही अवघड वाटते, त्याने गॅरेजमध्येच जावे. त्यात कमीपणा नाही. पण तिथून गाडी घेतानाही लिव्हर आधी स्वतःच्या हाताने दाबून पाहावी, मग मागे कोणाला बसवावे.