गोळीवरचे अस्तर

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यासारख्या, दाट जंगलाच्या आणि दीर्घकाळ हिवतापग्रस्त राहिलेल्या मुलखात व्हायवॅक्स जातीच्या तापावर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. पैकी क्लोरोक्विन इतके जहाल कडू असते की गोळीला अस्तर नसेल तर ती थुंकून टाकण्याकडेच रोग्याचा कल राहतो. हे अस्तर वजनाने गोळीच्या अवघे दोन-तीन टक्के भरते, परंतु ते एकाच पदार्थाचे क्वचितच असते.

त्यातील नेहमीचे पॉलिमर, म्हणजे लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी, हायप्रोमेलोज होय. ते सेल्युलोजपासून, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेच्या द्रव्यापासून बनते. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या जंगलातला बांबू कागदासाठी उपयोगी पडतो तो याच द्रव्यामुळे, मात्र औषधासाठी ते लाकडाच्या किंवा कापसाच्या अतिशुद्ध लगद्यातून घेतात. हायप्रोमेलोज पाण्यात सहज विरघळते, पण त्याचा पडदा वाळताना आक्रसतो, कडेला तडकतो, आणि गोळीवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत न बसता त्यांवर पूल बांधतो; म्हणून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे मऊपणा आणणारे द्रव्य घालतात. पॉलिव्हिनिल अल्कोहोल दमट हवा अधिक चांगली रोखते, आणि पावसाळ्यात कुबट होणाऱ्या औषधपेटीचा विचार करता हा गुण थोडा नव्हे. पण फवारताना ते चिकटते.

मिश्रणाचे खरे कसब दिसते ते औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्यांत. तेथे पाण्यात न विरघळणाऱ्या एथिल सेल्युलोजमध्ये हायप्रोमेलोज मिसळतात. दोन्ही एकजीव होत नाहीत, पडद्यात त्यांची सूक्ष्म बेटे राहतात, आणि पोटातील पाण्याने हायप्रोमेलोज विरघळून गेले की उरलेल्या छिद्रांतून औषध झिरपते. हायप्रोमेलोजचे प्रमाण फार कमी ठेवल्यास छिद्रे एकमेकांना जोडली जात नाहीत आणि वेग एकदम घटतो. पाण्यात विरघळणाऱ्या साध्या अस्तराचे घटक पूर्वी औषधाच्या कारखान्यातच एकत्र करीत. आता गोव्यातील वेर्णा येथील कलरकॉनसारख्या कंपन्यांची तयार पूड पाण्यात ढवळून, फिरत्या पिंपातील गोळ्यांवर गरम हवेच्या झोतात फवारतात.

जठरातील आम्ल सोसून आतड्यात विरघळणाऱ्या अस्तरासाठी पळसावर होणारी लाख फार पूर्वीपासून वापरात होती. परंतु ती साठवणीत कडक होत जाते आणि विरघळण्यास उशीर करते, म्हणून तिची जागा बहुतांशी मेथाक्रिलिक आम्लाच्या सहपॉलिमरांनी घेतली. अशी गोळी मोडून वा कुटून दिली तर अस्तर निरुपयोगी ठरते, कारण मोडलेल्या बाजूने आम्ल थेट औषधापर्यंत पोहोचते.