कपात मैदा किती, हवा किती?

परदेशी केकची कृती वाचताना पहिली ठेच ‘दोन कप मैदा’ इथेच लागते. कुठला कप? अमेरिकेतला सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. त्यातही जपानी लोक तांदूळ मोजतात तो कप आणखी वेगळा, १८०चा. पण हा घोळ मापांचा संच आणला की मिटतो. न मिटणारा घोळ मैद्याचा आहे.

डब्यात कप खुपसून भरा, वरून सुरी फिरवून सपाट करा. आत दीडशे ग्रॅमच्या आसपास मैदा येतो. तोच मैदा चाळून, चमच्याने अलगद सोडत भरला तर जेमतेम १२० ग्रॅम. कप तोच, सुरी तीच, आणि दोन कपांमागे फरक साठ ग्रॅमचा. केक कोरडा ठणठणीत व्हायला तेवढा पुरतो.

साखर असं करत नाही. तिचे दाणे एकमेकांवरून घरंगळत जागा धरतात, म्हणून कप कसाही भरा, २०० ग्रॅमच्या आगेमागेच भरतो. मैद्याचे कण इतके बारीक की त्यांच्यावर स्वतःच्या वजनापेक्षा शेजाऱ्याची ओढ भारी पडते. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर वजन हजारपट घटतं; कणाकणांमधलं चिकटण्याचं बल मात्र साधारण दहापटच. त्यामुळे मैदा नीट खाली बसतच नाही, कण एकमेकांना धरून पोकळ कमानी रचतात. डबा आपटला की कमानी कोसळतात नि पीठ दबतं. अलगद भरलेल्या अमेरिकी कपात खुद्द कणांनी व्यापलेली जागा ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटरच. बाकी सगळी हवा.

धान्य मापून घेतलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. पायली-चिपट्याने मापायचं ते निराळं आणि तागडीत तोलायचं ते निराळं. शेरसुद्धा मापी वेगळा, वजनी वेगळा. माप हलवून भरलं का, वर शीग किती, यावरून दुकानदाराशी हुज्जत व्हायची. अमेरिकी स्वयंपाकातली ही शीग फॅनी फार्मर यांनी उतरवली. १८९६ सालच्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’मध्ये त्यांनी सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह धरला. शीग गेली, हवा राहिली.

संक्षेपांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘एलबी’ म्हणजे पौंड, ४५४ ग्रॅम. ही अक्षरं लॅटिन ‘लिब्रा’ची. ‘ओझेड’ म्हणजे औंस, २८ ग्रॅमहून किंचित जास्त. ती आली इटालियन ‘ओन्झा’वरून. पण आधी ‘एफएल’ दिसलं तर सावध व्हावं. तो द्रव औंस, म्हणजे वजन नव्हे, आकारमान. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून चूक लपून राहते. मधाचा अमेरिकी द्रव औंस मात्र ४२ ग्रॅम भरतो. लोण्याची ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सगळ्यात घातकी जोडी ‘टीएसपी’ आणि ‘टीबीएसपी’ची. पहिला चहाचा चमचा, ५ मिलिलिटर. दुसरा त्याच्या तिप्पट, ऑस्ट्रेलियात तर चौपट. काही जुन्या कृतींत दोघांना नुसतं ‘टी’ लिहितात, छोट्या लिपीतलं छोट्याला, मोठ्या लिपीतलं मोठ्याला. मी एकदा या अक्षराच्या उंचीकडे काणाडोळा करून खाण्याचा सोडा तिप्पट घातला. केक टरारून फुगला, मधोमध खचला, रंगाने काळपट झाला आणि चवीला चक्क साबण.

पाव-ब्रेडवाले या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्या हिशेबात पीठ नेहमी १००. पाणी ६५, मीठ २, असं सगळं पिठाच्या प्रमाणात, तेही वजनाने. अर्धा किलो मैदा घेतला तर पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १०. घरी यासाठी एक साधा डिजिटल काटा पुरतो. भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा, मैदा ओता. पुन्हा शून्य, साखर ओता. दोन-तीन ग्रॅम सोडा मात्र माझ्या मते चमच्यानेच घ्यावा. एकेक ग्रॅमने सरकणारा काटा इतक्या थोडक्यात दगा देतो.

इंग्रजांचा जुना ‘पौंड केक’ तर ग्रॅमही मागत नाही. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, प्रत्येकी एक पौंड. माळ्यावर जुनी तागडी असेल तर एका पारड्यात चार अंडी ठेवा आणि दुसऱ्यात त्यांच्या भाराने एकेक जिन्नस तोलून घ्या. वजनाचा दगडसुद्धा लागत नाही.