कपाळाच्या मापाच्या मुंडावळ्या

मंगळसूत्र फक्त नवरीचं, फेटा फक्त नवऱ्याचा. मुंडावळ्या मात्र दोघांच्या सारख्याच. मुंज लागताना बटूच्या कपाळावरही त्याच. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात, तेव्हा बाळकृष्णाला आणि तुळशीलाही हौसेनं बांधतात. इतक्या मानाचा हा दागिना, पण त्याला सराफाकडे जावं लागत नाही. सुई, दोरा, मोती आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर तो घरी होतो.

नागपूरच्या दक्षिणेला, मानेवाड्याच्या पुढे असलेलं बेसा आता सदनिकांनी भरून गेलंय. लग्नं हॉलवर लागतात, रुखवतही तयार मिळतं. मुंडावळ्याही बर्डीवर, महालात हव्या तशा मिळतात. तरीही माझं आग्रहाचं सांगणं आहे की मुंडावळ्या घरीच करा. कारण एकच, माप. बाजारातली जोडी कुणाच्याही कपाळाला चालेल अशी केलेली असते. मग नाजूक चेहऱ्याच्या मुलीच्या भुवयांवर ती ओघळते आणि अक्षता पडेपर्यंत करवलीचा एक हात ती सावरण्यातच गुंततो.

आणि विदर्भात तरी त्या फुलांच्या नव्हे, मोत्यांच्याच कराव्यात. आपल्याकडची निम्मी लग्नं भर उन्हाळ्यात. मोगऱ्याच्या मुंडावळ्यांचं रूप काही वेगळंच, पण पारा 45 अंशांवर गेला की वरात दारात येईतो त्या माना टाकतात. मोती रात्रीपर्यंत टिकतात.

कामाची सुरुवात सुतळीनं करावी. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, केसांच्या रेषेखालून ती धरायची. नवरदेवाचं माप टोपी किंवा फेटा चढवूनच घ्यायचं. साधारण 26 सेंटिमीटर भरलं असं धरू. 4 मिलिमीटरचे पांढरे मोती आणि 6 मिलिमीटरचे सोनेरी मणी घ्या. ओवायला कपाळाच्या मधोमधून लागायचं, टोकापासून नव्हे. टोकापासून ओवलं की मधला मणी हमखास एका भुवईकडे सरकतो. मधल्या सोनेरी मण्यातून दोन दोरे काढायचे, प्रत्येकात पाच-पाच मोती, मग दोन्ही दोरे पुन्हा एका सोनेरी मण्यातून. अशी दोन्हीकडे पाच-पाच घरं भरली की 100 मोती आणि 11 सोनेरी मण्यांत पट्टी पुरी होते. शेवटच्या मण्यापाशी, कानशिलावर, दोन-दोन सर खाली सोडायचे. 28 सेंटिमीटरच्या एका सराला 70 मोती लागतात. टोकाला रेशमाचा छोटा गोंडा.

खरं कसब गाठीत आहे. नायलॉनचा तंगूस मोत्यांना बळकट, पण गुळगुळीत. साधी गाठ त्यावर आपोआप सुटते. दोनदा पीळ देऊन गाठ मारावी आणि टोक उदबत्तीनं हलकंच डागावं. डोक्यामागे बांधायला मात्र तंगूस नको, तो तेल लावलेल्या केसांवरून घसरतो आणि कातडीला काचतो. तिथे सुती गोफ किंवा रेशमी दोरी जोडावी, चांगली हातभर लांब, म्हणजे अंबाड्याखालून फिरवून घेता येते. पट्टी किंचित सैल ओवायची. ताणून ओवलेली पट्टी ताठ राहते, कपाळाच्या गोलाईवर बसत नाही.

मुंडावळ्यांच्या आधीपासून मान बाशिंगाचा. पाणथळ जागी वाढणाऱ्या भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यावर बेगड चिकटवून ते करत. बंगालमध्ये त्याच जातीच्या गाभ्यापासून नवऱ्याचा टोपोर आजही करतात. उत्तरेतला सेहरा नवऱ्याचं अख्खं तोंड झाकतो. मुंडावळ्यांचे सर चेहऱ्याच्या दोन्ही कडांनी उतरतात आणि मधलं तोंड उघडं ठेवतात. अंतरपाट दूर होताच दोघांनी एकमेकांना बघायचं असतं, त्या क्षणी हा उघडेपणा मला फार लोभस वाटतो.

बांधायच्या आधी अत्तर, पावडर सगळं उरकून घ्या; नकली मोत्यांचा मुलामा अत्तरानं आणि घामानं उडतो. लग्नानंतर मऊ फडक्यानं पुसून, मलमलीत सैल गुंडाळून ठेवल्या की तुळशीच्या लग्नाला पुन्हा काढता येतात. आणि हॉलवर जाताना करवलीच्या पर्समध्ये ओवलेला एक जादा सर, सुई आणि थोडा गोफ ठेवायला विसरू नका. फोटोच्या गर्दीत ओढला जातो तो कानशिलापाशी लोंबणारा सरच.