चित्रं काढून पोट भरते काय?

दहावीचा निकाल जवळ आला की अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत हे वाक्य घराघरातून ऐकू येतं: "चित्रं काढून पोट भरते काय बाप्पा? डिप्लोमा कर, कंपनीत लागशीन." काका म्हणतात, आत्या म्हणते, आणि ज्यांनी त्या कंपनीचं गेट कधी ओलांडलं नाही तेही म्हणतात. त्यामुळे आधी याच गैरसमजाकडे वळू. बाकीचे त्याचीच पोरंबाळं आहेत.

इथल्या एमआयडीसीत बनतं काय? विजेचा 1350 मेगावॅटचा प्रकल्प सोडला तर मुख्यतः कापड. रेमंडचं लिनन इथलं. 20 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून ज्या पीएम मित्र टेक्सटाईल पार्कची पायाभरणी केली, तो 1000 एकरांचा पार्कही इथलाच. आता अंगावरचा चौकड्यांचा शर्ट जरा निरखून बघा. निळी रेघ किती धाग्यांची, तिच्या शेजारी पांढरी किती, चौकट किती अंतराने पुन्हा येणार, हे लूम ठरवत नाही. आधी कुणीतरी ते काढतं. त्याच नक्षीला रंगांच्या वेगवेगळ्या जोड्या लावून बघतं, मग ताण्यात कोणते धागे, बाण्यात कोणते, याचा हिशेब मांडतं. लूम फक्त सांगितलेलं करतो. हे काम करणारा टेक्सटाईल डिझायनर. म्हणजे "चित्रं सोड आणि कापडाच्या कंपनीत लाग" असं ज्या पोरीला सांगितलं जातं, त्या कापडाची सुरुवातच मुळी चित्रापासून होते! यावर हसावं की चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक खरं मात्र सांगायला हवं. प्रत्येक कारखान्याच्या आवारात डिझाइन विभाग असतोच असं नाही. तो अनेकदा मुंबई-ठाण्याच्या कचेरीत बसतो. गाव सोडावं लागेल, ही काळजी रास्त आहे. पण गाव तर इंजिनिअरलाही सोडावं लागतं. तेव्हा कुणी हरकत घेत नाही, उलट पेढे वाटतात.

पोटाचा प्रश्न एकाच वाटेला का विचारायचा, हेही कळत नाही. 2024 ला नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे 1 लाख 10 हजार. वीसमागे एकालाही जागा मिळत नाही अशा परीक्षेसाठी अकोल्यात खोली भाड्याने घ्यायची, दोन-दोन वर्षं क्लासची फी भरायची, याला आपण व्यवहारी निर्णय म्हणतो. पोराला डॉक्टरच व्हायचं असेल तर अवश्य करावं. नसेल, तर यात व्यवहार कुठे आहे, ते मला कुणी समजावून सांगा.

दुसरा हट्ट: "आधी सायन्स घे, म्हणजे सगळे रस्ते उघडे राहतात." आयआयटी मुंबईचं बी.डेस., एनआयडीचं बी.डेस., निफ्टचं बी.डेस. या तिन्ही अभ्यासक्रमांना बारावीची कोणतीही शाखा चालते. पहिल्यासाठी यूसीड ही परीक्षा, बाकी दोन्हींसाठी त्या-त्या संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा. निफ्टच्याच फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीला मात्र गणित लागतं, तेवढं लक्षात ठेवा. बीएफएला राज्याची वेगळी सीईटी आहे, आणि तिच्या तयारीत फिजिक्सचा काडीचा उपयोग नाही.

"कलेत अभ्यास नसतो" म्हणणाऱ्यांनी कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा पेपर एकदा समोर घेऊन बसावं. आणि त्या परीक्षेचं दहावीला काहीच मिळत नाही, हेही खोटं: ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3 वाढीव गुण मिळतात. "वऱ्हाडी बोलशीन तर मुंबईत हसतीन" याला एका नावाचं उत्तर पुरतं: अभिनेते भारत गणेशपुरे. "नोकरीधंदा केला की कला सुटते" याला दोन. जळगाव जामोदला वकिली करत नाटकं आणि 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, आणि मराठी शायरीवाले यवतमाळचे वकील भाऊसाहेब पाटणकर.

मुलांचाही एक गैरसमज आहे, त्यालाही सोडत नाही. "टॅलेंट असलं की झालं." उद्धव शेळक्यांनी 1960 मध्ये 'धग' लिहिली. मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात, पण तेवढ्यावर त्यांचं घर चाललं नाही. लेखणीवर जगायचं म्हणून त्यांना पुढे कितीतरी रंजक कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. शिवाय डिझाइनमध्ये गिऱ्हाईक तुमचं आवडतं चित्र पाचव्यांदा परत पाठवतं, आणि तुम्ही ते सहाव्यांदा मुकाट्याने करता. ज्याला हे जमणार नाही त्याने चित्रकला छंद म्हणून ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही.

आईबाबांना खरोखर काळजीचा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो फीचा विचारावा. निफ्टच्या चार वर्षांची नुसती फी दहा लाखांच्या वर जाते, राहण्याखाण्याचं वेगळं. खाजगी डिझाइन कॉलेजांपैकी काहींची त्याहून जास्त, आणि त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकातल्या पगारांच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी तिथून बाहेर पडलेली दोन-चार मुलं गाठून बोलावं. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दीडशे किलोमीटरच्या आत, हायवेने सरळ. सरकारी फीत बीएफए होतं. काकांना ते माहीत नसतं, म्हणून त्यांच्या यादीत येत नाही.