वीतभर घोडा आणि त्याचा खरा साज

शिकागोच्या ब्रेयर कंपनीने १९५० मध्ये टेबलावरच्या एका घड्याळासाठी शोभेचा प्लॅस्टिकचा घोडा बनवला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच हवासा वाटू लागला आणि त्यातून अमेरिकेत प्रतिकृती-घोड्यांचा छंद रुजला. केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला १९९० पासून ब्रेयरफेस्ट हा या छंदाचा मेळा भरत आला आहे. छंदिष्टांच्या स्पर्धांतल्या ‘परफॉर्मन्स’ गटात घोड्यावर खोगीर-लगाम चढवून मैदानातला एखादा क्षण हुबेहूब उभा करायचा असतो. या कामाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

पहिला म्हणजे, हा बाहुलीला कपडे घालण्यासारखा खेळ आहे. परीक्षक मात्र वेगळंच पाहतात : हा घोडा जिवंत असता, तर या साजावर स्वार सुरक्षित बसला असता का? खोगीर खांद्याच्या हाडामागे हवं, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटांवर. नाकपट्टा गालाच्या हाडाखाली दोन बोटं. १:९ प्रमाणात, म्हणजे खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाच्या मूर्तीवर, ही अंतरं अनुक्रमे जेमतेम ८ आणि ४ मिलिमीटर होतात. वेस्टर्न पद्धतीच्या लांब दांड्यांच्या बिटला (घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या कडीला) हनुवटीखालचा पट्टा लागतोच. तो नसेल तर दांड्यांची तरफ काम करत नाही. नवख्यांच्या मांडणीत हा पट्टा अनेकदा राहून जातो, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

‘एकाच मापाचे घोडे, मग एकच खोगीर सगळ्यांना चालेल,’ हा दुसरा समज. ब्रेयरचे ‘ट्रॅडिशनल’ घोडे सगळे १:९ चे म्हणून विकले जातात, पण त्यांत बारीक हाडांचा अरबी असतो, रुंद पाठीचा ओढकामाचा घोडा असतो, बुटका पोनीही असतो. शिवाय मूर्ती आपला पवित्रा बदलत नाही. मान लांबवलेल्या घोड्याला पुरणारी लगामाची दोरी मान आवळलेल्या घोड्यावर लोंबते. सर्वांत छळते ती कोरलेली आयाळ. डोक्यावरचा पट्टा कानांमागे टेकायला हवा. तिथे आयाळीचा उंचवटा आला की पट्टा हवेत तरंगतो. म्हणून साज शिवण्याआधी घोडा निवडावा, आणि मापं प्रत्यक्ष त्याच घोड्यावर कागदी पट्टी लावून घ्यावीत.

तिसरा समज सर्वांत चिवट आहे : खऱ्या साजाची सगळी मापं नऊपट लहान केली की काम झालं. लांबी नऊपट घटते तेव्हा वजन ७२९ पट घटतं. अर्ध्या किलोची रिकीब इथे एका ग्रॅमचीही उरत नाही. त्यामुळे ती पट्ट्याला खाली ओढत नाही, लगाम आपल्या भाराने झुकत नाही, खोगिराचे पाखे पोटाला चिकटून बसत नाहीत. सगळं ताठ उभं राहतं आणि खोटं दिसतं. यासाठी कातडं मागून तासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ करतात, ओलसर करून अंगावर बेतून वाळवतात, काही जण लगामात बारीक तारही घालतात. बंद तोंडाच्या घोड्याला बिट आत घालता येत नाही. त्याच्या कड्या ओठांच्या कोपऱ्यांशी चिकट मेणाच्या कणाने बसवतात. गोंद मात्र वापरू नये, तो रंग उखडतो. मेण हलकेच निघतं. या मेणाला काही जण लबाडी म्हणतात. मला ते मान्य नाही. गुरुत्वाकर्षण जे करत नाही, ते मेण करतं.

जास्त चांदी म्हणजे जास्त गुण, हेही खरं नाही. वेस्टर्न शो-खोगिरावर चांदी शोभते. इंग्लिश पद्धतीच्या शिकारी घोड्याच्या साध्या तपकिरी साजावर तीच चांदी चूक ठरते. महागडा, हाताने रंगवलेला घोडाच जिंकतो असंही नाही. या गटात दुकानातला साधा घोडा नेमक्या साजाच्या बळावर पुढे जाऊ शकतो.

साज चढवून घोडा कायमचा कपाटात ठेवायची हौस अनेकांना असते. कृपा करून तसं करू नका. रंगवलेल्या कातड्याचा रंग हलक्या रंगाच्या घोड्यावर उतरतो, बकलांचे ओरखडे पडतात. स्पर्धा संपली की साज उतरवा, मेण मऊ कापडाने पुसा आणि खोगीर वेगळ्या डब्यात ठेवा.